गंगम्माच्या घरातली शीव

हुलसंगी आणि बेडगूर ही दोन गावं. मुरुमच्या बाजारात हुलसंगीच्या माणसाला चुकून बेडगूरचा म्हणालात, तर तो हातातली पिशवी खाली ठेवून तुमच्याशी भांडेल. बेडगूरचाही तेच करील. दोन्ही गावांच्या मधे एक लांबलचक माळ आहे. अल्याडच्या उताराला हुलसंगी, पल्याडच्या उताराला बेडगूर. हुलसंगी मोठी, तिथं आठवडी बाजार भरतो, चावडी आहे, पोस्ट आहे. बेडगूर लहान, पण तिथली माती काळी अन् माणसं तिखट. आणि माळाच्या अगदी माथ्यावर, कुठल्याच गावाकडं पाठ न करता, गंगम्माचं घर.

घर म्हणजे काय, माळवदाच्या दोन खोल्या, एका अंगाला विहीर अन् दुसऱ्या अंगाला म्हशीचा गोठा. पाऊस पडला की माळवदावरचं पाणी दोन पन्हाळींतून खाली यायचं. एका पन्हाळीचं पाणी हुलसंगीच्या ओढ्याला जायचं, दुसरीचं बेडगूरच्या नाल्याला. गंगम्माचा नवरा शांतलिंग याला या गोष्टीचं भारी कौतुक. "आपल्या माळवदाचं पाणी दोन गावास्नी जातंय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचा. विहीर त्यानंच खोदली. पाणी लागलं, काठ बांधून झाला, अन् पुढं लवकरच बिचारा तापानं गेला. मागं राहिली गंगम्मा आणि तिच्या कडेवरची शिवगंगा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. हुलसंगीच्या विहिरी आटल्या, बेडगूरच्या आटल्या, ओढ्यात वाळू तेवढी राहिली. माथ्यावरची गंगम्माची विहीर मात्र आटली नाही. का आटली नाही ते कुणालाच सांगता येईना. माळावर तेव्हा सरकारी दुष्काळी काम निघालं. दोन्ही गावांच्या हद्दीवरून, म्हणजे शिवेवरून, जुनी गाडीवाट जात होती. तीच रुंद करून डांबरी सडकेपासून थेट माथ्यापर्यंत खडीचा शिवरस्ता करायचा होता. दोन्ही गावची माणसं तर होतीच, शिवाय मुरुमकडच्या बायाही खडी फोडायला आल्या. उन्हाचा तडाखा असा, की हातोडी धरवत नव्हती. पाणी प्यायला सगळ्यांना एकच जागा, गंगम्माचं अंगण.

पहिल्या दिवशी बेडगूरची भिमाबाई घागर घेऊन लांबच उभी राहिली. बौद्ध वस्तीतली बाई. दुसऱ्या कुणी आपल्या घागरीत पाणी ओतावं, याची तिला लहानपणापासून सवय लागलेली. गंगम्मानं तिच्याकडं बघितलं आणि पोहऱ्याचा दोर तिच्या अंगावर फेकला. "धर की गं! म्या काय साऱ्या जगाचं पाणी शेंदत बसू? माझे हात मोडले!" झालं. त्या दिवसापासून भिमाबाईनं स्वतः पाणी शेंदलं, अन् दोघींची जी मैत्री जमली ती जमलीच. दोन गावांत कुणी कुणी नाकं मुरडली. पण तहान लागलेल्या माणसाला फार वेळ नाक मुरडता येत नाही. त्याच कामावर मुरुमकडची चन्नम्मा होती, पाठीला झोळीत पोरगा बांधून खडी फोडणारी. त्या पोराला, शिवशरणला, गंगम्मानं म्हशीचं दूधही पाजलं होतं.

हे सगळं आधी सांगून ठेवलेलं बरं, नाही तर पुढचं ऐकून तुम्ही दोन्ही गावांना शिव्या द्याल. माणसं वाईट नव्हती. फक्त डोकं फिरलेली होती.

तोवर दोन्ही गावांची मिळून एकच गट ग्रामपंचायत होती. दुष्काळ सरला, दोन-चार बरी पिकं आली, आणि पंचायतीची नवी इमारत कुठं बांधायची यावरून जुंपली. हुलसंगी म्हणाली आमच्या वेशीत, बेडगूर म्हणालं आमच्या पारापाशी. शेवटी इमारत राहिली बाजूला अन् पंचायतच फुटली. हुलसंगीला सरपंच झाले कल्याणप्पा, बेडगूरला व्यंकटराव. मग मोजणीवाले आले. साखळी ओढत ओढत ते शिवरस्त्यानं माथ्यावर चढले आणि गंगम्माच्या दारात येऊन थांबले. रस्ता जिथं संपत होता तिथं घर होतं, आणि शीव तर सरळ पुढं जात होती. त्यांनी तिच्या उंबऱ्याच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. डाव्या हाताला चूल आणि विहीर, ती हुलसंगीची. उजव्या हाताला बसायची खोली आणि गोठा, ती बेडगूरची.

गंगम्मा रेघेकडं बघून हसली. "मंजी म्या ताट वाढून घेतलं की परगावाला जाऊन जेवायचं व्हय?"

मोजणीवाल्यांना हसू आलं, पण साखळी गुंडाळून ते आपले निघून गेले.

थोड्या दिवसांत दोन्ही गावांत दुधाच्या सहकारी संस्था निघाल्या. तेव्हा तर काय, ज्याला त्याला संस्था काढायची हौस! हुलसंगीत निघाली म्हटल्यावर बेडगूर कसं मागं राहील? आणि दोन्ही संस्थांना गंगम्माची म्हैस हवी. व्यंकटराव म्हणाले, "म्हैस आमच्या हद्दीत बांधलीय, दूध आमचं." कल्याणप्पा म्हणाले, "बांधा की खुशाल! पण पाणी कुठलं पितीया? आमच्या विहिरीचं. मग दूध कशाचं झालं?" दोघंही गोठ्यापुढं उभे राहून म्हशीवर हक्क सांगत होते आणि म्हैस रवंथ करत होती. गंगम्मानंच तोड काढली. सकाळचं दूध हुलसंगीला, संध्याकाळचं बेडगूरला.

पण तिनं विजेचा खांब मागितला, तेव्हा गाडी उलटी फिरली. कल्याणप्पा म्हणाले, "अक्का, बसाउठायची खोली तिकडं हाय. दिवा तिकडंच लागणार. खांब बेडगूरनं द्यायचा." व्यंकटराव म्हणाले, "मावशी, माणूस जिथं चूल मांडतंय तिथलं असतंय. तुमी हुलसंगीच्या." नळाचंही तेच, आजारपणात गाडीचंही तेच. भिमाबाईला राग आला की ती मोठ्यानं म्हणायची, "म्हैस दोघांची, अन् बाई कुणाचीच न्हाय!"

गंगम्माला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. ती मूळची समाधानी बाई. स्वतःचं पाणी होतं, दूध होतं, ज्वारी पिकत होती, रॉकेलची चिमणी होती. संध्याकाळी माळावर वारा सुटला की उंबऱ्यात बसून ती दोन्ही गावांचा धूर बघायची अन् म्हणायची, "दोन्हीकडं चुली पेटल्या बरं का." तेवढ्यानं तिला बरं वाटायचं. पण शिवगंगाचं लग्न ठरलं आणि पहिल्यांदा तिला घोर लागला.

लग्न ठरलं ते चन्नम्मामुळं. झोळीतला शिवशरण मोठा झाला होता, मुरुमच्या अडतीवर हमाली सोडून आता तोलारी करत होता. चन्नम्मा स्वतः आली, शिवगंगाच्या हातात गुळाचा खडा ठेवला अन् म्हणाली, "हिच्या आईचं पानी पिऊन जगलोय आमी. दुसरीकडं कशाला बघू?" मुलगी मुलाला पसंत, मुलगा मुलीला पसंत. सगळं बेस. फक्त एकच गोष्ट नव्हती. गाव.

आता तुम्ही म्हणाल, लग्नाला गाव कशाला लागतं? तर आमच्याकडं लग्न बापाचं नसतं, गावाचं असतं. देवळातली मोठाली भांडी गावाची, पंगतीला वाढणारी पोरं गावाची, पाहुण्यांना उतरायला शाळा गावाची. नवरदेवाला सामोरं जाऊन त्याच्या पायावर पाणी घालणाऱ्या सवाष्णी गावाच्या. आणि लेक सासरी निघाली की अख्खं गाव शिवेपर्यंत चालत येतं. आई शिवेवर थांबते. पुढं पाऊल टाकायचं नाही, अशी रीत. ज्या पोरीमागं एवढी माणसं उभी राहतात, तिला सासरी कुणी उणा शब्द बोलायला धजत नाही. बापाविना वाढवलेल्या लेकीच्या पाठीशी गावही नसेल, तर तिनं सासरी कुणाच्या नावावर मान वर करायची? गंगम्माला हेच एक हवं होतं. दागिने नकोत, बँडबाजा नको, शिवगंगाच्या मागं गाव उभं राहायला हवं.

ती कल्याणप्पांकडं गेली. ते चहा पाजून म्हणाले, "अक्का, आमची ना न्हाय. पण लगीन आमी केलं मंजी तुमी आमच्या झाला. मग खांब बी आमीच द्यायचा, नळ बी आमीच. पंचायतीत सदस्य वरडतील." ती व्यंकटरावांकडं गेली. त्यांनीही चहा पाजला आणि शब्दाला शब्द तेच सांगितलं. माळ चढून घरी येताना गंगम्मा वाटेतल्या दगडावर बसून रडली. शांतलिंग गेल्यानंतर ती एवढी रडली नव्हती.

शिवगंगानं आईचे डोळे बघितले अन् तिला हसवायला म्हणाली, "अव्वा, तुझं एक बरं हाय. आयांना शिवंपातूर चालावं लागतंय. तुझी शीव तर उंबऱ्यातच हाय. जागची हलू बी नगंस."

गंगम्मा हसली नाही. लेकीला वाटेला लावायला आपल्याला दारातून एक पाऊलही टाकता येणार नाही, हे तोवर तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

भिमाबाईला हे कळलं तेव्हा ती कडबा सोडून कमरेला पदर खोचून उठली. तिचा राग अख्ख्या बेडगूरला माहीत होता. पण त्या दिवशी ती भांडली नाही. तिनं डोकं चालवलं. आधी हुलसंगीच्या बाजारात कल्याणप्पांच्या बायकोच्या शेजारी कांदे निवडत बसली अन् सहज बोलल्यासारखी म्हणाली, "आमच्या व्यंकटरावांनी गंगाक्काच्या लेकीचं लगीन गावावर घेतलंय म्हणं. सगळीकडं बोलबाला हाय त्यांचा." तिथून घरी येऊन बेडगूरच्या पारावर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "मोठं गाव त्ये मोठंच. हुलसंगीवाल्यांनी गंगाक्काचं लगीन उचललं. आमच्या गावाला कुठली आलीय दानत?"

बास. दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणप्पा धापा टाकत माथ्यावर आले. "अक्का, लगीन आमचं. ठरलं!" ते उतरून जातात न जातात तोच दुसऱ्या उतारानं व्यंकटराव. "मावशी, आमी असताना हुलसंगीला कशाला तोंड येंगाडायचं?" गंगम्मा कुणाला नाही म्हणणार? दोघांनाही ती व्हय म्हणाली. रेघेच्या डावीकडं हुलसंगीच्या देवळातली भांडी आली, उजवीकडं बेडगूरची. दोन्हीकडं चुलाण पेटलं, दोन्हीकडं हुग्गी शिजायला लागली, म्हणजे गूळ घातलेली गव्हाची खीर. दोन्ही गावचे आचारी एकमेकांच्या काहिलीत चोरून डोकावत होते. गंगम्मा कधी या चुलीपाशी तर कधी त्या चुलीपाशी. इतकी खुशीत होती की तिला जेवणाची शुद्ध राहिली नव्हती.

भांडण राहिलं ते एकाच गोष्टीचं. नवरदेवाला सामोरं कोण जाणार? जो सामोरा जाईल त्याचीच लेक, हे दोन्ही सरपंचांनी आपापल्या मनाशी ठरवलं होतं. लग्नादिवशी सकाळी हुलसंगीची झाडून सगळी माणसं हलगी-ताशे घेऊन आपल्या वेशीबाहेर गेली. सवाष्णी पंचारत्या घेऊन उभ्या. बेडगूरची माणसं त्यांच्या वेशीबाहेर, तिथंही हलगी, तिथंही पंचारत्या. आपल्या आधी त्यांनी पाहुणे गाठू नयेत म्हणून वाढपी, पाणके, आचारीसुद्धा पळाले. भिमाबाईलाही तिच्या गावानं ओढून नेलं. कुणाच्या, अगदी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की माथ्यावर यायला हुलसंगीची वेस लागत नाही अन् बेडगूरचीही लागत नाही. दोघांनी मिळून स्वतःच्या हातानं फोडलेल्या खडीचा शिवरस्ता मधोमध पडला होता. पण तो कुणाच्याच गावचा नव्हता. म्हणून तो कुणाला आठवलाच नाही.

चन्नम्माला आठवला. ट्रॅक्टर सडकेवरून वळायला लागला तेव्हा डावी-उजवीकडून हलगीचा आवाज येत होता. तिनं ड्रायव्हरला सांगितलं, "सरळ घे. ह्या वाटंची खडी म्या फोडलीय. माझ्या लेकाची वरात ह्याच वाटंनं जानार."

ट्रॉली गंगम्माच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा दारात कुणीही नव्हतं. दोन्ही चुलाणांवर हुग्गी खदखदत होती, ढवळायलासुद्धा माणूस नव्हतं. आत हळद लागलेली शिवगंगा, अन् दाराआड गंगम्मा. नवरदेवाच्या समोर पहिल्यांदा विधवा बाईनं यायचं नाही, असं तिनं जन्मभर ऐकलेलं. ती कवाडाला धरून उभी राहिली. दोन गावं मिळाली होती, आणि ऐन वेळेला एकही माणूस नव्हतं. पाहुणे खाली उतरून इकडंतिकडं बघायला लागले. नवरदेव हातातलं लिंबू चाळवत उभा. गंगम्माला वाटलं, आता जमीन फाटेल तर बरं होईल.

चन्नम्मानं अंगणात येऊन हाक मारली, "गंगाक्का! कुठं लपलाय? भायर या."

"कोन न्हाय वो घरात," आतून गंगम्मा म्हणाली. "थोडं दम काढा. सवाष्णी यीतीलच."

"आमी दुष्काळात उन्हातान्हाचं आलो, तवा कोन सवाष्ण हुबी व्हती हितं? तुमीच पानी घातलं न्हवं? मग आज बी तुमीच घाला."

"न्हाय वो, आसं कसं? पोरीला काय लागलं तर?"

चन्नम्मा सरळ दारापाशी आली. "आपून लिंगायत, गळ्यात लिंग हाय न्हवं तुमच्या? तिथं सवाष्ण काय अन् विधवा काय! ह्या पोराच्या तोंडात दूध घातलं तवा त्येला काय लागलं व्हतं? बघा की, कसा दांडगा झालाय." आणि तिनं गंगम्माच्या हाताला धरून तिला ओढूनच बाहेर आणलं.

गंगम्मानं विहिरीवर जाऊन पोहरा सोडला. पाणी वर आलं. शांतलिंगाच्या विहिरीचं पाणी तिनं जावयाच्या पायावर घातलं आणि तिथंच खाली बसून, चन्नम्माचे गुडघे धरून, ढसाढसा रडली. ते सुखाचं रडणं होतं. चन्नम्माही रडत होती. शिवशरणला काय करावं ते सुचेना, तेव्हा त्यानं लिंबू खिशात घातलं अन् सासूच्या पाया पडला.

तेवढ्यात दोन्ही उतारांनी धुरळा उठला. कुणीतरी लांबून ट्रॉली बघितली होती. हुलसंगी पळत वर येत होती, बेडगूर पळत वर येत होतं. पंचारत्या विझलेल्या, ताशेवाल्यांचे ताशे पाठीवर. कल्याणप्पांची टोपी वाटेत पडली होती, व्यंकटरावांची एक चप्पल. दोन्ही गावं अंगणात आली आणि नवरदेवाचे ओले पाय बघून जागच्या जागी थांबली. भिमाबाई तेवढी गर्दीतून पुढं आली, एकदा या सरपंचाकडं, एकदा त्या सरपंचाकडं बघितलं अन् म्हणाली, "हुग्गी करपाय लागलीया. आता तरी हात लावा."

मग काय हात लागले म्हणता! हुलसंगीच्या पोरांनी बेडगूरच्या काहिलीतली हुग्गी वाढली, बेडगूरच्या पोरांनी हुलसंगीचा भात. पाहुण्यांबरोबर आलेल्या जंगम स्वामींनी मंत्र म्हटले, अक्षता पडल्या. तळाची हुग्गी दोन्हीकडची थोडी करपलीच होती. पण जो तो म्हणत होता, लई झाक झालीय.

उन्हं कलली. शिवगंगा ट्रॉलीत बसायला निघाली. तिनं आईच्या गळ्यात हात टाकले, सोडवता सुटेनात. शेवटी ती उंबऱ्याबाहेर पडली, माणसं तिच्या मागोमाग निघाली. गंगम्मा मात्र उंबऱ्यात थांबली. पुसट झालेल्या चुन्याच्या रेघेवर ती उभी होती.

भिमाबाईनं मागं वळून बघितलं. "चला की, गंगाक्का."

"शीव हितंच हाय माझी," गंगम्मा म्हणाली.

ते कल्याणप्पांनी ऐकलं. व्यंकटरावांनीही ऐकलं. त्या म्हशीच्या भांडणानंतर दोघं एकमेकांशी सरळ बोलले नव्हते. कल्याणप्पा घसा साफ करत म्हणाले, "व्यंकटराव, मला वाटतंय, शीव थोडी पुढं न्यावी."

"किती पुढं?" व्यंकटराव म्हणाले.

"सडकंपातूर?"

व्यंकटरावांनी लांब सडकेकडं बघितलं, गंगम्माकडं बघितलं. "माझी हरकत न्हाय." मग मोठ्यानं म्हणाले, "मावशी, शीव आता डांबरीवर हाय. चला, लेकीला वाटंला लावा."

गंगम्मानं उंबरा ओलांडला. ट्रॅक्टर सावकाश चालला होता, ट्रॉलीच्या फळीवर शिवगंगाचा हात अन् त्या हातावर आईचा हात. मागं दोन्ही गावं. ज्या खडीवर कधीकाळी हातोड्या पडल्या होत्या त्या खडीवरून सगळे चालले होते. चन्नम्मा मधेच थबकायची, "ह्यो दगड माझाच" म्हणायची अन् हसायची. सडकेवर गंगम्मानं लेकीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि हात सोडला. ट्रॅक्टर मुरुमच्या दिशेनं दिसेनासा होईपर्यंत दोन्ही गावं तिच्यासोबत थांबली, कुणी आधी घरी गेलं नाही.

पुढं खांबही आला. दोन्ही पंचायतींनी आपापला दिला, एक दाराच्या डावीकडं, एक उजवीकडं. गंगम्मा म्हणायची, "एकाच बल्बाला दोन खांब, माझा थाट बघा." पण ते जाऊ द्या. लग्नाच्या साली नागपंचमीच्या आदल्या दिवशी शिवगंगा पहिल्यांदा माहेरी यायची होती. गंगम्मा सकाळीच पाण्याचा तांब्या घेऊन घरातून निघाली आणि शिवरस्त्यानं चालत सडकेवर जाऊन थांबली. वाटेत कल्याणप्पा शेतात होते, व्यंकटराव बैल हाकत होते. दोघांनीही विचारलं, "कुठं निघालाय?"

"शिवंवर," ती म्हणाली. "लेक येतीया."

ती शीव मागं न्यायची पुढं कुणालाच आठवण झाली नाही.